ट्रान्सफॉर्मर्स (२००७): आवाज तोच आहे, पण ट्रकचा रोबो होताना नीट दिसू द्या की

परवा रविवारी घरी परत एकदा ट्रान्सफॉर्मर्स लावला, गाड्यांचे रोबो होतात तो, २००७ चा पहिला, दिग्दर्शक मायकेल बे. बघायला चौघं होतो, आण्णा, ताईचा नऊ वर्षांचा पोरगा, माझा शाळेपासूनचा मित्र आणि मी, मधे भडंगाची परात. पिक्चर संपल्यावर जी चर्चा सुरू झाली ती पार साडेअकरापर्यंत चालली आणि एवढं बोलून चौघांचं एकमत फक्त एका सीनवर झालं. म्हटलं हे लिहून काढावं.

आधी माझं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. आमच्या गल्लीत, गावभागात, तेव्हा एकाच घरी व्हीसीआर होता आणि त्यांचे मुंबईचे पाहुणे येताना कार्टूनच्या कॅसेटी घेऊन यायचे. मूळ कार्टून १९८४ चं. खरं तर आधी खेळणी होती, जपानच्या टाकारा कंपनीची, ती अमेरिकेतल्या हॅस्ब्रोनं घेतली, नवी नावं दिली आणि खेळणी खपावीत म्हणून कार्टून काढलं. आम्हाला हे काय ठाऊक नव्हतं, इंग्लिश पण कळत नव्हतं. कळायचं एवढंच की लाल ट्रक उभा राहतो, छातीवर त्याच्या केबिनच्या काचा येतात आणि तो बोलायला लागला की सगळे गप्प होतात. ऑप्टिमस प्राइम. मिरजेच्या उरुसात मला तसलंच एक लोकल खेळणं मिळालं होतं, प्लास्टिक इतकं पातळ की दाबलं तर वाकायचं, पण त्याचा ट्रक व्हायचा! पाय मागं दुमडायचे, मुंडकं आत ढकलायचं, हात बाजूला फिरवले की दारं. अंधारात सुद्धा जमायचं मला. कुठला तुकडा कुठं जातो हे पाठ असणं, हीच तर त्या कार्टूनची सगळी मजा होती.

२००७ च्या जुलैत पिक्चर आला तेव्हा भर पावसात जाऊन सांगलीत थेटरात बघितला, हिंदी डब. थेटरचं नाव घेत नाही, पण साउंड असा फाटत होता की फायटिंगमधे कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं, आणि ज्या आवाजासाठी गेलो होतो तो तर डबिंगमधे गेलाच होता. बाहेर आलो तेव्हा मी नाराज होतो, मित्र खूश होता, आणि आयर्विन पुलावर भिजत उभं राहून आम्ही अर्धा तास भांडलो होतो.

आता आवाजाचं सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. १९८४ च्या कार्टूनमधे ऑप्टिमसला आवाज पीटर कलनचा होता आणि पिक्चरला पण त्यांनाच परत आणलं, मधे वीसेक वर्षं गेली तरी. त्यांनी स्वतः सांगितलंय की हा आवाज त्यांनी भावाकडनं घेतला, भाऊ व्हिएतनाम युद्धात लढून आलेला सैनिक, आणि ऑडिशनला निघाले तेव्हा तो म्हणाला होता की हिरो करणार असशील तर खरा हिरो कर, उगं ओरडू नको, मऊ बोलता येण्याइतका दणकट हो. मला हे वाचल्यावर लगेच कळलं की लहानपणी शब्द कळत नसताना पण तो माणूस चांगला आहे हे आम्हाला कसं कळायचं ते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, इंग्लिशमधे बघा, सबटायटल लावा, पण इंग्लिशमधे बघा. वाईट रोबोंचा म्होरक्या मेगाट्रॉन, त्याला मात्र जुना आवाज, फ्रँक वेल्करचा, दिला नाही, ह्यूगो वीव्हिंगला घेतलं. काम वाईट नाय, पण आवाजावर इतकं मशीनचं काम केलंय की माणूस कोण आहे ते ओळखूच येत नाही.

आण्णांचं मत. आण्णांनी तीस वर्षं गाडी चालवली, सांगलीतनं हळद भरून वाशीला, परत येताना मिळेल तो माल. कार्टून त्यांनी कधी बघितलं नव्हतं पण माझं ते उरुसातलं खेळणं त्यांना आठवत होतं, आणि पहिलाच प्रश्न त्यांनी बरोबर जागी टाकला, "आरं तुझा ट्रक तर चपट्या तोंडाचा होता की, ह्याला नाक कुठनं आलं?" व्हय, कार्टूनमधला ऑप्टिमस चपट्या तोंडाचा होता, इंजिन केबिनच्या खाली, पिक्चरमधे लांब नाकाचा अमेरिकन पीटरबिल्ट आहे. त्याचं कारण पण आहे, पिक्चरवाल्यांनी ठरवलं होतं की ट्रकमधे जेवढं लोखंड तेवढंच रोबोत दिसलं पाहिजे, कार्टूनसारखं लहानाचं मोठं करायचं नाही, आणि चपट्या केबिनमधनं एवढा उंच रोबो निघेना, साधारण २८ फुटाचा पाहिजे होता म्हणून नाकवाली गाडी घेतली. हे सांगितल्यावर आण्णा म्हणाले, "मग बरोबर आहे, पत्रा कुठनं तरी आणायला लागतोच की." निळ्या बॉडीवर लाल ज्वाळा रंगवल्यात त्यावर तेव्हा जुने फॅन लय चिडले होते, आण्णांना त्याच आवडल्या. गाडी सजवलेली पाहिजेच म्हणाले.

त्यांना वजन पण पटलं. ऑप्टिमस पिक्चरच्या हिरोच्या, सॅम नावाच्या पोराच्या घरामागच्या अंगणात पाय टाकतो, हिरवळ दबते, कारंजं फुटतं, आणि एवढा मोठा प्राणी ओशाळतो, तिथं आण्णा मनापासून हसले. पाऊल पडताना आधी खाली बसतं, मग सावरतं. लोड गाडी खड्ड्यात गेली की पाटे बसतात आणि मग उठतात, तसंच केलंय म्हणाले. हे काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक कंपनीचं, एकट्या ऑप्टिमसचे त्यांनी १०,१०८ सुटे भाग बनवलेत कॉम्प्युटरवर. ऑस्करला तीन नॉमिनेशनं होती, इफेक्ट्सचं आणि साउंडची दोन, मिळालं एकही नाही. माझ्या मते इफेक्ट्सचं तरी मिळायला पाहिजे होतं. आज इतक्या वर्षांनी टीव्हीवर बघितला तरी तो पत्रा पत्राच वाटतो, त्यावर धूळ आहे, ओरखडे आहेत.

पण माझी मुख्य तक्रार इथंच आहे. दहा हजार भाग बनवले ना, मग दाखवा की! मारामारी चालू झाली की कॅमेरा इतका जवळ जातो आणि इतका हलतो की नुसतं लोखंड लोखंडाशी भिडलंय एवढंच कळतं, हात कुणाचा, पाय कुणाचा, कोण वर कोण खाली, काय पत्ता लागत नाही. त्यात वाईट पार्टीचे सगळे करड्या रंगाचे. कार्टूनमधे लांबून रंग बघून ओळखता यायचं, स्टारस्क्रीम पांढरा-लाल, साउंडवेव्ह निळा. इथं शेवटच्या शहरातल्या लढाईत भाच्यानं मला चार वेळा विचारलं, "मामा, हा आपला का त्यांचा?" नऊ वर्षांच्या पोराला रोबोच्या पिक्चरमधे हे विचारायला लागतंय ही बारकी गोष्ट नाही. त्यातल्या त्यात हायवेवरची बोनक्रशर नावाच्या वाईट रोबोची ऑप्टिमसशी मारामारी बरी आहे, तो बस मधनं फाडत येतो ते स्पष्ट दिसतं आणि पुढं पुलावरनं दोघं खाली पडतात ते पण.

दुसरं म्हणजे माणसं. पिक्चर १४४ मिनिटांचा, आणि ऑप्टिमस तोंड उघडतो जवळजवळ तासाभरानं. तोपर्यंत सॅमची जुनी गाडी, त्याला आवडणाऱ्या पोरीपुढं, मिकाएलापुढं, बोलताना अडखळणं, खापरपणजोबांचा चष्मा जो तो इंटरनेटवर विकायला काढतो आणि त्याच चष्म्यावर सगळ्या भानगडीचा नकाशा उमटलेला असतो, हे सगळं. सॅम झालेला शाया लबफ काम चांगलं करतो, घाबरतो ते खरं वाटतं. पण मधेच ती सरकारी माणसं, हॅकर, आई-बापाची बडबड, आणि काही विनोद असे की भाचा शेजारी बसलाय म्हणून मला रिमोट हातात घ्यायला लागला. लहान पोरांना घेऊन बघणार असाल तर ध्यानात ठेवा.

मित्राचं मत माझ्या उलट आहे आणि ते पण लिहितो, कारण त्याचं काही अंशी मला पटलंय. तो म्हणतो हा पिक्चर रोबोचा नाहीच, पोराचा आणि त्याच्या पहिल्या गाडीचा आहे. मेगाट्रॉन यायच्या आधीचा भागच त्याला जास्त आवडतो. सॅमची ती गाडी म्हणजेच बम्बलबी नावाचा रोबो, त्याच्यावर मित्राचा लय जीव. कार्टूनमधे बम्बलबी पिवळी फोक्सवॅगन बीटल होता, इथं शेव्हरले कॅमारो, पण जुन्या गाड्यांच्या डेपोत कॅमारोच्या शेजारीच एक पिवळी बीटल उभी आहे आणि कॅमारो स्वतःचं दार उघडून तिला ठोकते. २००७ ला थेटरात हे मला दिसलंच नव्हतं, परवा त्यानं पॉज करून दाखवलं. आवाज गेलाय म्हणून बम्बलबी रेडिओवरच्या गाण्यातनं बोलतो, हे तर मी पण मान्य करतो, कार्टूनपेक्षा भारी सुचलंय. मित्राला स्वतःची पहिली एम-एटी आठवते म्हणे ते बघताना, सेकंडहँड घेतलेली, जी ऐन वेळेला चालू व्हायची नाही.

पण ऑप्टिमसचा साथीदार रोबो जॅझ, त्याचं मरण मित्राला पण पटलेलं नाही. मेगाट्रॉन त्याचे दोन तुकडे करतो आणि पिक्चर पुढं निघून जातो, शेवटी ऑप्टिमस ते तुकडे हातात घेतो तेवढंच, एक वाक्य, संपलं. १९८६ च्या कार्टून पिक्चरमधे ऑप्टिमस मरतो ती कॅसेट ज्यांनी लहानपणी बघितलीय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. तिथं त्याचा रंग हळूहळू जातो, लाल-निळा होता तो करडा पडतो, आम्ही सगळी पोरं त्या घरात खाली मान घालून बसलेलो आणि कुणीच कॅसेट काढायला उठेना. साध्या हातानं काढलेल्या चित्रात ते जमलं. इथं एवढ्या पैशात जॅझसाठी दोन मिनिटं थांबायला हरकत नव्हती.

आता तो एक सीन. सॅम आणि मिकाएला रात्री एका गल्लीत उभे आहेत, लांबून ट्रकचे दिवे येतात, ट्रक अगदी समोर येऊन थांबतो, काही घाई नाही. मग पुढचा भाग सुटतो, चाकं वळून पायात जातात, काचा दोन बाजूंना होऊन छातीवर बसतात, कॅमेरा त्याच्या भोवतीनं फिरतो आणि एकदा तरी आपल्याला पूर्ण बघू देतो, आणि तो गुडघ्यावर वाकून चेहरा खाली आणतो आणि बोलतो. त्या आवाजात. परवा पहिल्यांदा मी तो सीन मूळ आवाजात ऐकला आणि मला बोलता येईना थोडा वेळ. मित्र पण गप्प. भाचा म्हणाला परत लाव. परत लावला. मग आण्णा म्हणाले, "थांब, थांब, पुढचं चाक कुठं गेलं बघू दे," आणि उठून टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले, भाचा त्यांच्या शेजारी, आणि दोघं बोट लावून हा पत्रा इथं, ही नळी तिथं असं लावत बसले. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी खेळण्यातलं सांगितलं, बघा मुंडकं आतनंच येतंय, तसंच आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा फक्त त्या गल्लीचा.