प्रोटॉनचे 25 शेक आणि सिलिकॉनची फिल्म, सात महिन्यांनंतर

रेडिएशनचं शेवटचं सिटिंग होऊन सात महिने झाले, मुद्दाम थांबले होते, कातडी पूर्ण बरी झाली की मगच लिहायचं म्हणून. डाव्या स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठीही पॉझिटिव्ह, त्यामुळे हृदयाला कमी डोस जावा म्हणून प्रोटॉन, म्हणजे रेडिएशनचाच एक वेगळा प्रकार, सांगितलं. आपल्याकडे चेन्नईला 2019 पासून आणि खारघरला टाटाचं 2023 पासून आहे, म्हणजे बहुतेकांना पाच आठवडे घर सोडून खोली घेऊनच राहावं लागतं.

मला वाटलं होतं महागडं मशीन म्हणजे कातडी अजिबात भाजणार नाही. तसं नाहीये हो! साध्या मशीनच्या किरणांचा जोर कातडीच्या जरा आत गेल्यावर वाढतो, वरचा थर थोडा वाचतो. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतो म्हणून मागचं हृदय-फुप्फुस वाचतं, पण वरच्या कातडीला ती सवलत जवळपास मिळत नाही. हे आधी कळलं असतं तर तिसऱ्या आठवड्यात लाली बघून रडले नसते.

आता फिल्मचं. मेपिटेल फिल्म, पातळ, पारदर्शक, सिलिकॉनमुळे चिकटते आणि काढताना ओरबाडत नाही. पहिल्या सिटिंगच्या आधीच लावली, लाल झाल्यावर नाही, हे महत्त्वाचं. कॅनडात 2023 साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये मध्यम किंवा जास्त रिअ‍ॅक्शन फिल्मवाल्यांत 15.5 टक्के आणि बाकीच्यांत 45.6 टक्के होती, पण ती साध्या रेडिएशनची, प्रोटॉनची नाही, म्हणून फिजिसिस्टला (रेडिएशनच्या डोसचं गणित बघणाऱ्याला) विचारूनच लावली. ताणून लावायची नाही, नाहीतर कडा उचलतात. आंघोळ चालते. घामाने माझी दर आठ-दहा दिवसांनी बदलावी लागली आणि स्वस्त अजिबात नाही, इन्शुरन्सने हात वर केले.

खरा निकाल माझ्याच अंगावर दिसला. जिथे फिल्म टिकली तिथे कातडी काळपट झाली, खाज आली, पण फुटली नाही. स्तनाखालची घडी आणि काख, जिथे ती दोन दिवसांत गुंडाळून यायची, तिथे शेवटच्या आठवड्यात सालं निघून ओलं झालं. त्या भागाला डॉक्टरांनी मोमेटासोन हे स्टेरॉइडचं क्रीम दिलं होतं, पहिल्या दिवसापासून, कातडी अखंड आहे तोवर. माझी खाज त्याने बरीच कमी झाली, पण घडीत घासणं थांबत नाही त्याला क्रीम काय करणार. पुन्हा वेळ आली (न येवो) तर घडीत छोटे छोटे तुकडे लावायला सांगेन.

कुंडीतली कोरफड सासूबाईंनी प्रेमाने लावली, गार वाटलं, बाकी फरक शून्य. हळदीचा लेप मात्र मी हात जोडून थांबवला. डिओ बंद ठेवायचा हा जुना नियम, नर्सनेच सांगितलं की कातडी फुटलेली नसेल तर चालतो. सौम्य साबणाने रोज धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. कपड्यात सगळ्यात बेस्ट यांची जुनी मऊ बनियन, उलटी घालायची म्हणजे शिवण टोचत नाही.

एक गोष्ट मला कोणी धड सांगितली नाही, शेक संपला की रिअ‍ॅक्शन लगेच उतरत नाही, पुढचे एक-दोन आठवडे वाढू शकते. मी सामान बांधून घरी आले आणि नवव्या दिवशी काख सगळ्यात वाईट होती, रात्री हात उशीवर ठेवून झोपायचे. फोटो पाठवला, फोमची सिलिकॉन पट्टी लावायला सांगितली, तीन आठवड्यांत भरून आलं.

आज छातीचा रंग जवळजवळ आधीसारखा आहे, काख अजून काळी आणि कोरडी. दिवसातून दोनदा बिनवासाचं मॉइश्चरायझर, उन्हात सनस्क्रीन आणि वर ओढणी. वायरवाली ब्रा मात्र अजून घालवत नाही.