पटिंग ग्रीनची थंडीआधीची तयारी: पुण्यातल्या एका लॉन सेवेचं परीक्षण

पाऊस उघडला की हिरवळ ‘थंडीसाठी तयार’ करून देणाऱ्या ठेकेदारांची पॅकेजं पुण्यातल्या सोसायट्यांकडे येऊ लागतात. त्यातल्या एका सेवेचं हे परीक्षण. काम होतं २०० चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण २,१५० चौरस फुटांच्या पटिंग ग्रीनचं, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच ढकलत भोकात घालायच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीचं. गवत टिफड्वार्फ, ही बर्म्युडा म्हणजे हरळीची बुटकी जात. ग्रीनला लागून सिलेक्शन वन या जातीच्या गवताचं साधं लॉन आहे. आमचं मत आधीच सांगतो: होलो टाइन एरेशनसाठी (टाइन म्हणजे पोकळ दात; त्यांनी मातीच्या कांड्या काढून जमिनीला भोकं पाडणं) ही सेवा जरूर घ्यावी, ती भोकं भरायची वाळू स्वतः तपासून आणि मोजून घ्यावी, आणि रायग्रासची, म्हणजे बर्म्युडावर थंडीपुरतं पेरायच्या गवताची, ओळ कोटेशनमधून सरळ खोडून टाकावी.

पुण्यात गवताला खरा त्रास थंडीचा नसतो. चार महिन्यांच्या पावसात आणि पायांखाली माती दबून घट्ट झालेली असते, ती तशीच राहिली तर थंडीत गवत झुरतं. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बर्म्युडाची वाढ मंदावते, आणि डिसेंबर-जानेवारीत शिवाजीनगर, पाषाणला पारा दहाच्याही खाली जातो. म्हणून जमीन मोकळी करायची ती ऑक्टोबर हीटमध्ये, मुळं जोरात असताना. तेव्हा पाडलेली भोकं दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. डिसेंबरात पाडली तर फेब्रुवारीपर्यंत चेंडू त्यांवरून उडत राहतो.

एरेशन या लोकांनी उत्तम केलं. चालत चालवायचं पेट्रोल मशीन, १२ मि.मी.चे पोकळ टाइन, भोकांमध्ये ५ सें.मी. अंतर, खोली ७५ मि.मी. आदल्या संध्याकाळी पाणी देऊन ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि ते महत्त्वाचं आहे. कोरड्या चिकण मातीत टाइन उसळतात आणि निम्म्या खोलीवरच थांबतात. चिखलात घातले तर भोकाची भिंत लिंपल्यासारखी गुळगुळीत होते आणि मूळ तिच्यातून शिरत नाही. टाइनची टोकं झिजतात, तशी खोलीही हळूहळू घटते. त्यामुळे काम चालू असतानाच पाच-सहा भोकांत खूण केलेला स्क्रू ड्रायव्हर घालून खोली पाहावी. बाहेर आलेली मातीची एक कांडी हातात घेऊन मोडून बघाच. वर दोन सें.मी. तपकिरी, स्पंजासारखा थॅच (मेलेल्या काड्या-मुळांचा थर), त्याखाली काळपट पट्टा आणि कुजलेल्या अंड्याचा वास आला, तर तिथे हवा पोचत नाही हे नक्की. आमच्या ग्रीनच्या सखल कोपऱ्यात नेमकं हेच दिसलं. मशीनवरच्या मुलाने न सांगता तिथे आडवा दुसरा फेरा मारला. कामाची जाण असलेली माणसं अशी असतात.

घोळ झाला तो वाळूत. कोटेशनमध्ये वाळू फक्त वरच्या २ मि.मी. थरापुरती धरलेली, भोकांचा हिशेबच नाही. तो असा करायचा: ५ सें.मी. अंतरावर एका चौरस मीटरमध्ये ४०० भोकं बसतात, ७५ मि.मी. खोलीला त्यांत साधारण ३.४ लिटर वाळू जाते. वरच्या थराचे २ लिटर धरले की ५.४. म्हणजे २०० चौरस मीटरला सुमारे १,०८० लिटर, नासधूस धरून अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). आली त्याच्या निम्मीही नाही. अर्धवट भरलेली भोकं वरून मिटतात, खाली पोकळी राहते आणि महिन्याभरात पृष्ठभागावर खळगे पडतात. उरलेली वाळू मागवून पुन्हा झाडूने भरून घ्यावी लागली.

दुसरं म्हणजे वाळूचा दर्जा. पहिली खेप न धुतलेल्या क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची होती. परीक्षा सोपी आहे: पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू, वर पाणी, जोरात हलवून तासभर ठेवा. वर बारीक भुकटीचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा. ती भुकटी भोकांत सिमेंटसारखी बसते आणि एरेशनवर पाणी फिरतं. धुतलेली, पाव ते एक मि.मी. दाण्याची वाळू हवी. ठेकेदाराने खेप बदलून दिली, कुरकुर न करता, हे त्यांच्या बाजूने. पण लाल माती आणि शेणखताचं मिश्रण पसरायचा त्यांचा आग्रह ग्रीनवर मुळीच मान्य करू नका. लॉनवर ते चालतं. ग्रीनच्या वाळूवर मात्र मातीचा वेगळा थर तयार होतो, पाणी त्यावरच अडतं आणि तो काळा पट्टा पुन्हा धरतो.

पॅकेजमधल्या काही ओळी थंड देशांतल्या यादीतून तशाच उचललेल्या वाटल्या. कंप्रेसरने स्प्रिंकलरची पाइपलाइन रिकामी करणं ही त्यातलीच. जिथे पाणी गोठून पाइप फुटतात तिथे ते अत्यावश्यक; पुण्यात त्याऐवजी स्प्रिंकलरच्या तोंडांमधल्या जाळ्या धुऊन घ्या, एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करून मिळालेलं) पाणी असेल तर नक्कीच. रायग्रासचंही तसंच. दिल्ली-चंडीगडला बर्म्युडा पिवळं पडून झोपतं, तिथे त्याचा उपयोग. आपल्याकडे टिफड्वार्फ थंडीत जांभळट होतं, मरत नाही. तो रंग पाहून घाबरायचं कारण नाही. उलट रायग्रास मार्चपर्यंत बर्म्युडावर सावली धरतं आणि उन्हाळा तापला की मरून जागोजाग टक्कल ठेवतं.

खताचं वेळापत्रक ठीक होतं, प्रमाण जास्त. ग्रीनला चौरस मीटरमागे सव्वाचार ग्रॅम युरिया पुरतो, म्हणजे २०० चौरस मीटरला साधारण ८५० ग्रॅम. सोबत द्राक्षवाले वापरतात ते ०:०:५० हे पालाशचं खत चौरस मीटरमागे सहा ग्रॅमप्रमाणे, १.२ किलो. दोन्ही विरघळवून फवारावं आणि लगेच पाणी द्यावं. नत्र पूर्ण बंद केलं तर दवाच्या दिवसांत डॉलर स्पॉट हा बुरशीचा रोग येतो: रुपयाएवढे वाळक्या रंगाचे ठिपके, पहाटे त्यांवर कोळिष्टकासारखी बुरशी. बुरशीनाशकाकडे वळण्याआधी सकाळी लांब बांबू फिरवून दव झाडा आणि संध्याकाळचं पाणी पहाटेवर न्या.

कापणीची उंची त्यांनी साडेतीनवरून पाच मि.मी.वर नेली, ते योग्यच. रीळ मशीनचं पातं मात्र नीट जुळवून घेतलंच नव्हतं. कागदाची पट्टी फिरतं रीळ आणि बेड नाइफ, म्हणजे खालचं स्थिर पातं, यांमध्ये धरून बघा: पूर्ण रुंदीत ती स्वच्छ कापली गेली पाहिजे. दुमडली किंवा फाटली तर गवताची टोकंही तशीच फाटतात आणि ग्रीन दुरून राखाडी दिसतं.

लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी त्यांनी खुरपणी लावली होती. गाठी खाली राहतात, पुन्हा उगवतो. हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक लेबलवरच्या मात्रेने ऑक्टोबरातच, लव्हाळा वाढत असताना फवारायला सांगा.

पुढच्या वेळी वर्क ऑर्डरवर चार गोष्टी लिहून घेणार आहोत: टाइनचा व्यास आणि खोली, वाळू ब्रासमध्ये, वाळूचा नमुना आधी, आणि काम १० नोव्हेंबरच्या आत. एरेशनसाठी बोलावणार याच लोकांना.