नव्या टार्गेट पिस्तुलाची पहिली ६०० काडतुसे

.२२ लाँग रायफल काडतुसावर चालणारे हे अर्धस्वयंचलित टार्गेट पिस्तूल घेऊन मला आता तीन महिने झाले असून त्यातून ६०० काडतुसे झाडून झाली आहेत. पहिल्या २०० काडतुसांत ते १७ वेळा अडकले, पुढच्या २०० मध्ये ५ वेळा आणि शेवटच्या २०० मध्ये फक्त एकदा. या दरम्यान मी काय तपासले, काय बदलले आणि दोष शेवटी कुठे सापडला, हे लिहावे असे वाटले, कारण नवे पिस्तूल अडकू लागले की नेमबाज एकतर ते सदोष म्हणून परत पाठवायला निघतो किंवा कानस घेऊन स्वतःच घासायला बसतो, आणि दोन्हींत घाई होते. निर्मात्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. एका नगावरून सगळ्या उत्पादनाला बोल लावणे मला योग्य वाटत नाही.

आधी जे उत्तम आहे त्याविषयी. नळी चौकटीत घट्ट बसवलेली आहे आणि तिचा नेमकेपणा वादातीत आहे. टेकू देऊन २५ मीटरवर झाडलेल्या ५ गोळ्या प्रिसिजन टार्गेटच्या ५० मिलिमीटर व्यासाच्या दहाच्या वर्तुळात मोठी जागा राखून मावतात. स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर या स्पर्धाप्रकारांसाठी चापाचे वजन, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, किमान १००० ग्रॅम असावे लागते. तिथवर तो सहज लावता येतो आणि तिथेच टिकतो. लाकडी मूठ हाताप्रमाणे थोडी घासून घ्यावी लागली, पण ते अपेक्षितच होते. एवढे सगळे चांगले असूनही पहिल्या दोन बैठकींनंतर मी या पिस्तुलावर नाराज होतो, कारण स्टँडर्ड पिस्तूल प्रकारात ५ गोळ्यांच्या मालिकेला अनुक्रमे १५०, २० आणि १० सेकंद मिळतात, रॅपिड फायरमध्ये ८, ६ आणि ४, आणि ४ सेकंदांच्या मालिकेत काडतूस अडकले तर नेमकेपणाचा काहीच उपयोग उरत नाही.

सुरुवातीला मी सगळ्याच अडचणींना ‘जॅम’ म्हणत होतो आणि तिथेच चूक होत होती. काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्याच्या जागेत, न चढणे आणि झाडलेली रिकामी पुंगळी बाहेर न पडणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. तिसऱ्या बैठकीपासून मी वहीत प्रत्येक अडथळ्याची नोंद करू लागलो आणि आधीच्या दोन बैठकींतले अडथळेही आठवून लिहून काढले: कोणते मॅगझिन, त्यातले कितवे काडतूस, कोणत्या पेटीतले, आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा, मागे-पुढे सरकणारा भाग) नेमका कुठे थांबला. मॅगझिनांच्या तळाशी रंगाने १ आणि २ असे आकडे घातले. ही नोंद पूर्ण झाल्यावर चित्र एकदम स्पष्ट झाले. १७ अडथळ्यांपैकी ११ काडतूस न चढण्याचे होते आणि त्यातले ९ एकट्या २ क्रमांकाच्या मॅगझिनचे होते. उरलेले ६ पुंगळी अडकण्याचे होते आणि ते दोन्ही मॅगझिनांत विखुरलेले होते. जो दोष मॅगझिन बदलल्यावर नाहीसा होतो तो मॅगझिनचा आणि जो बदलल्यावरही राहतो तो पिस्तुलाचा किंवा काडतुसांचा, एवढे गणित त्यातून हाती आले.

२ क्रमांकाच्या मॅगझिनमधून अडकलेल्या काडतुसांच्या मऊ शिशाच्या गोळ्यांवर टोकाच्या खालच्या बाजूस ठळक ओरखडा होता. म्हणजे काडतूस नाक खाली घालून निघत होते आणि चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर चढण्याऐवजी त्याच्या खालच्या कडेवर आदळत होते. मॅगझिनच्या वरच्या, आत वळलेल्या कडा, ज्यांना लिप्स म्हणतात, त्याच काडतुसाचा कोन ठरवतात आणि ते कोणत्या क्षणी सुटणार हेही ठरवतात. व्हर्नियरने मोजल्यावर २ क्रमांकाच्या लिप्समधले पुढचे अंतर १ क्रमांकाच्या तुलनेत ०.३ मिलिमीटरने कमी भरले. पक्कड घेऊन ते वाकवण्याचा मोह झाला होता, पण तो पत्रा एकदा चुकीचा वाकला की पुन्हा मूळ आकारात आणणे फार कठीण, शिवाय हात लावलेल्या भागावर हमीचा दावाही सांगता येत नाही. मी ते मॅगझिन तसेच बाजूला ठेवले.

१ क्रमांकाच्या मॅगझिनमधले दोन अडथळे मात्र माझ्या भरण्याच्या पद्धतीमुळे होते, हे मान्य करायला हवे. .२२ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली तर बोल्ट वरचे काडतूस पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. आता मी प्रत्येक काडतूस किंचित पुढे ठेवून मग मागे सरकवतो आणि भरलेले मॅगझिन कडेने पाहून घेतो. तेव्हापासून तसा अडथळा पुन्हा आलेला नाही.

पुंगळ्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा निघाला. हे पिस्तूल ब्लोबॅक पद्धतीचे आहे, म्हणजे त्यात बोल्टला कुलूप नसते. बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच चेंबर बंद राहते, आणि वायूच्या दाबाने पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. त्यामुळे एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे बोल्टवरच्या पुंगळीची कडा पकडणाऱ्या भागाच्या, आकड्याने पुंगळी ओढून काढण्यापेक्षा तिला बोल्टच्या तोंडाशी धरून ठेवणे महत्त्वाचे असते, जेणेकरून ती इजेक्टरवर, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागावर, आपटून बाजूला उडेल. पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकते तेव्हा बोल्ट पुरेसा मागे गेलेला नसतो किंवा आकड्याने ती वेळेआधी सोडलेली असते. यातले कोणते, ते ओळखायला दोन साध्या चाचण्या पुरल्या. एक म्हणजे न झाडलेले काडतूस हाताने बोल्ट ओढून बाहेर काढणे. इथे वायूची मदत नसल्यामुळे आकड्याची पकड उघडी पडते, आणि माझ्या पिस्तुलात दहापैकी तीन काडतुसे चेंबरमध्येच राहिली. ही चाचणी फक्त रेंजवर, नळी लक्ष्याच्या दिशेला ठेवून आणि बोट चापाबाहेर ठेवूनच करावी. दुसरी चाचणी म्हणजे जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या पाहणे. काही पायाशी पडत होत्या, काही दोन-तीन मीटरवर, म्हणजे बोल्टचा वेगही प्रत्येक गोळीला वेगळा होता.

पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून मी ते उघडले, तेव्हा एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली आणि बोल्टच्या मार्गात कारखान्यातून गंज टाळण्यासाठी लावलेले जाड ग्रीस तसेच साचलेले आढळले. त्यात जळालेल्या दारूची काजळी आणि गोळीवरचे मेण मिसळून त्याचा चिकट लगदा झाला होता. नवे पिस्तूल पहिल्यांदा झाडण्याआधी पूर्ण साफ करावे हे मला ठाऊक होते, तरी मी केवळ नळीतून फडके फिरवून थांबलो होतो. सगळे ग्रीस काढून, आकड्याखालची जागा लाकडी काडीने खरवडून आणि केवळ सरकत्या भागांवर हलक्या तेलाचा एक-एक थेंब देऊन पुन्हा जोडल्यावर हाताने काढलेली दहाच्या दहा काडतुसे बाहेर आली. तेल जास्त झाले तरी तोच लगदा पुन्हा तयार होतो, म्हणून हात राखूनच द्यावे.

तरीही पुढच्या २०० काडतुसांत पुंगळी दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा ती सबसॉनिक काडतुसांची होती, ज्यांचा जोर मुळात कमी असतो. माहितीपुस्तिकेत ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, सुमारे ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसे वापरण्यास सांगितले आहे, आणि स्प्रिंग त्याच हिशेबाने बसवलेली आहे. हाय व्हेलॉसिटी काडतुसांनी बोल्ट नक्कीच जोरात मागे जाईल, पण चौकटीवर बसणारे तडाखेही वाढतील. अडथळे दूर करण्याचा हा मार्ग मी स्वीकारणार नाही. स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या एकाच पेटीवर आल्यापासून पुंगळ्या उजवीकडे एका ढिगात पडू लागल्या. शेवटच्या २०० मधला एकमेव अडथळा काडतूस न पेटण्याचा होता. नळी लक्ष्याकडे धरून मी ३० सेकंद थांबलो आणि मग ते काढून पाहिले. कडेवर फायरिंग पिनची खूण इतरांइतकीच खोल होती, म्हणजे उणीव काडतुसाच्या कडेतल्या प्रायमरमध्ये, म्हणजे दारू पेटवणाऱ्या मसाल्यात, होती, पिस्तुलात नव्हती. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र पुढची गोळी झाडण्याआधी नळीत गोळी अडकलेली नाही हे पाहणे अनिवार्य आहे.

या उत्पादनाविषयी माझी खरी तक्रार माहितीपुस्तिकेविषयी आहे. सुटे भाग आणि सुरक्षिततेच्या सूचना त्यात नीट दिल्या आहेत, पण ग्रीस काढण्याचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, मॅगझिन भरण्याची रीत चित्रावाचून सांगितली आहे आणि अडथळ्यांच्या निदानाचे पानच नाही. सेवाकेंद्राचा अनुभव मात्र चांगला आला: नोंदवहीच्या पानांचे फोटो आणि व्हर्नियरची मापे पाठवल्यावर त्यांनी प्रश्न न विचारता मॅगझिन बदलून दिले, जरी ते हाती यायला पाच आठवडे लागले. स्पर्धेच्या आधी दोन महिन्यांचा अवधी हाताशी असेल तर हे पिस्तूल मी निःसंकोच सुचवेन; पुढच्याच महिन्यात उतरायचे असेल तर सुचवणार नाही. स्पर्धेत पिस्तूल अडकले की ते खाली लक्ष्याच्या दिशेने धरून पंचांना दाखवावे लागते, आणि त्यांनी पाहण्याआधी नेमबाजाने यंत्रणेला हात लावला तर तो अडथळा ग्राह्य धरला जात नाही. सरावात पटकन बोल्ट ओढून मोकळे होण्याची सवय लागलेल्या हाताला हे जड जाते. बदलून आलेल्या मॅगझिनवर मी ३ हा आकडा घातला आहे, त्यातून आतापर्यंत ९० काडतुसे विनाअडथळा गेली आहेत, आणि २०० पूर्ण होईपर्यंत ते फक्त सरावालाच वापरणार आहे.