अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६ वरचा लोकोस्क्रिप्ट १ : काही महिन्यांच्या वापरानंतर

१९८५ साली ब्रिटनमध्ये हा संच ३९९ पौंड अधिक कर या किमतीला आला. त्यात संगणक, हिरवा पडदा, प्रिंटर आणि लोकोस्क्रिप्ट हा लेखनाचा कार्यक्रम, सगळंच होतं. आज जुना संच मिळवून रोज लिहायला बसणाऱ्यांसाठी हा अनुभव.

पहिली गोष्ट म्हणजे लोकोस्क्रिप्ट फाइलवर काम करतो ते डिस्कवर, सगळा मजकूर मेमरीत घेऊन नाही. त्याचे गुण-दोष दोन्ही इथूनच येतात. बदल करताना नवी प्रत त्याच डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे ४० के (किलोबाइट) ची फाइल उघडायची तर तेवढीच जागा मोकळी हवी. डिस्कच्या एका बाजूला १७३ के मिळतात. निम्मी भरली की दुसरी डिस्क घ्या. फाइल उघडी असताना डिस्क बाहेर काढायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

लांब मजकुरात डॉक कळ दाबून शेवटाला जायचं म्हटलं तर चहा करून यावा इतका वेळ जातो, कारण तो पानामागून पान नव्याने मांडत जातो. उपाय सोपा आहे: प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, आणि एफ३ ने फाइल एम ड्राइव्हवर, म्हणजे मेमरीतल्या डिस्कवर, घेऊन तिथेच काम करा. वेग लगेच जाणवतो. मात्र वीज गेली की एम वरचं सगळं गेलं. दर पाऊण तासाने प्रत ए वर, म्हणजे खऱ्या डिस्कवर, टाकाच.

मजकूर हलवणं मात्र सुरेख. कॉपी दाबा, शेवटापर्यंत जा, कट दाबा, ० ते ९ पैकी आकडा द्या. हवं तिथे पेस्ट आणि तोच आकडा. मध्येच शब्द घातल्यावर ओळी विस्कटलेल्या दिसतात, त्या रीले कळेने बसतात. खोडलेली फाइल आधी 'लिंबो'त जाते आणि जागा लागेपर्यंत तिथे राहते. एफ८ च्या यादीतून ती दाखवायला सांगता येते. या एका सोयीसाठी कार्यक्रमाला मनापासून दाद द्यावी लागते.

शब्दमोजणी आणि शुद्धलेखन तपासणी नाही. देवनागरीचीही सोय नाही.

खरा त्रास यंत्राचा. चालू केल्यावर पडदा उजळतो आणि वरून खाली काळे पट्टे भरत जातात, तेव्हा डिस्क नीट वाचली जातेय. तीन बीप आले तर वाचता आलेली नाही. डिस्क चांगली असूनही असं झालं तर बहुधा ड्राइव्हचा रबरी पट्टा गेलेला असतो. तो डांबरासारखा चिकट होतो; नवा बसवण्याआधी पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नाहीतर नवाही घसरतो. त्या ड्राइव्हऐवजी गोटेक (डिस्कच्या जागी यूएसबी पेनड्राइव्ह वापरू देणारं उपकरण) लावणार असाल तर वीजजोडणी आधी मीटरने तपासा: ३ इंची ड्राइव्हच्या प्लगमध्ये ५ आणि १२ व्होल्टच्या तारा नेहमीच्या ३.५ इंची ड्राइव्हच्या उलट असतात. तसाच जोडला तर गोटेक जळतो.