पालिकेची दफनभूमी: रजिस्टरला पाच तारे, गवताला एक

जमिनीच्या मोजणीत आयुष्य गेलं, त्यामुळे दफनभूमीतही मी आधी नकाशा मागतो. मावशीची कबर शोधायला गेलो तेव्हा कारकुनाने नाव आणि साल विचारलं, रजिस्टर काढलं आणि विभाग, ओळ, क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. नोंदीत कबरीची खोलीसुद्धा होती! पुढेमागे काकांना तिथेच ठेवायचं झालं, तर वर पुरेशी माती उरते का, हे त्या एका आकड्यावर ठरतं. तो नसेल तर खोदणारा अंदाजाने कुदळ मारणार, आणि अंदाज चुकल्यावर काय होतं ते इथे लिहायला नको. ओळींच्या टोकाच्या लोखंडी खुंट्याही नकाशाबरहुकूम जागेवर. इतकं चोख काम मी शेतजमिनीच्या मोजणीतही क्वचित पाहिलंय.

आता कार्यालयाच्या बाहेर या. गवत कापायचा ठेका दिलाय आणि ठेकेदाराची माणसं नायलॉनच्या दोरीचं यंत्र थेट दगडाला भिडवतात. मावशीच्या दगडावर जमिनीपासून चार बोटांवर ओरखड्यांचा पांढरा पट्टा उमटलाय, एका कोपऱ्याचा टवका उडालाय. दगडाभोवतीचं वीतभर गवत विळ्याने काढावं, एवढी एक ओळ निविदेत घालायला काय जातं?

कबरी खचतात म्हणून मात्र लोक उगाच पालिकेला धारेवर धरतात. खणून भरलेली माती बसायला महिने लागतात. म्हणून सुरुवातीला उंचवटा ठेवतात आणि दगड लगेच बसवू देत नाहीत. घाईने बसवलेला दगडच पुढे कलतो. तो कुणाच्या अंगावर पडला तर जीवावर बेतेल, तेव्हा मुकादम प्रत्येक दगड हाताने रेटून बघतो ते योग्यच. पण डगमगणारा दगड आडवा करायचा आणि घरच्यांना कळवायचंही नाही, हे पटत नाही. मावशीच्या मागच्या ओळीत असे काही दगड पालथे पडलेत, नाव खाली, मातीत.

कार्यालय शनिवार-रविवार बंद. लोकांना सवड असते नेमकी तेव्हाच.

आणखी एक. कबर कायमची आपली, असं धरून चालू नका. जागा कुठेच पुरत नाही. सिंगापूरने तर १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षांवर आणली. आमच्याकडे ती बरीच लांब आहे, पण नूतनीकरणाचं पत्र जातं ते रजिस्टरमधल्या पत्त्यावर, आणि आमचा तिथला पत्ता मावशीच्या केव्हाच विकलेल्या घराचा निघाला. कारकुनाने आपणहून अर्ज पुढे केला, मी उभ्या उभ्या भरला, त्याने माझ्यासमोर नोंद बदलून सही केली. तुमचं कुणी तिथे असेल तर दगड पुसायला जाण्याआधी खिडकीवर पत्ता तपासून घ्या. आणि शुक्रवारच्या आत जा.