रास्पबेरी पाय ४ वर रेडिओलॉजी : दहा महिन्यांच्या वापरानंतर

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या रुग्णालयात इंटर्न आणि एक्स-रे टेक्निशियनना शिकवायला जुलैत रास्पबेरी पाय ४ हे तळहाताएवढे स्वस्त संगणक घेतले, ४ जीबीचे तीन, साध्या मॉनिटरसकट. एका बऱ्या लॅपटॉपच्या पैशांत तिन्ही बसले. एकावर ऑर्थँक हा मोफत डायकॉम (वैद्यकीय स्कॅनच्या फाइलचा प्रकार) सर्व्हर चालतो, बाकीचे दोन ब्राउझरमधून त्यातले स्कॅन उघडतात. इंटरनेट लागत नाही, हे आमच्यासाठी फार मोठं.

आधी मी फिल्मचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून शिकवायचे. फोटोत विंडो, म्हणजे दिसणाऱ्या छटांचा पट्टा, एकदाच ठरून गेलेली असते. सीटीत करड्या रंगाच्या ४०९६ छटा, साधा मॉनिटर दाखवतो २५६. त्यातल्या कोणत्या दाखवायच्या ते विंडोवर. मेंदूसाठी या पट्ट्याची नेहमीची रुंदी ८०, पातळी (पट्ट्याचा मध्य) ४०. एका स्कॅनमध्ये कवटीलगत सबड्युरल (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाखाली साचलेल्या) रक्ताचा पातळ थर होता, या विंडोत हाडाच्या पांढऱ्यात मिसळलेला. इंटर्नने माउस ओढत रुंदी २०० च्या पुढे नेली आणि थर हाडापासून सुटा झाला. "मॅडम, हे तं आधी दिसतच नव्हतं!" हेच मी फळ्यावर कितीदा सांगितलं होतं.

३०० स्लाइसचा सीटी म्हणजे साधारण १५० एमबी. वायफायवर रखडायचा, लॅन केबल टाकल्यावर नीट चालतो. प्रोसेसर ८० अंशांला पोचला की रास्पबेरी पाय स्वतःच वेग कमी करतो; एप्रिलपासून दुपारी तेच होऊ लागलं, मग छोटे पंखे बसवले. लाइन गेल्याने दोनदा एसडी कार्ड खराब झालं. यूपीएस पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता.

या मॉनिटरवर रिपोर्टिंग, म्हणजे रुग्णाच्या स्कॅनचं निदान, करू नका. हे फक्त शिकवण्यापुरतं.

क्षयरोगासाठी अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा माँटगोमेरी संच मोफत मिळतो : छातीचे १३८ एक्स-रे, त्यात ५८ क्षयाचे. पण विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. मणक्यांचा इंग्रजी एचसारखा आकार, खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा ही त्याची चिन्हं इंटर्नना ओळखता यायलाच हवीत. त्यासाठी रुग्णालयाच्या परवानगीने आमच्याच जुन्या केसेस घेतल्या. ऑर्थँक फाइलच्या माहितीतलं रुग्णाचं नाव काढतो, चित्रावरच उमटलेलं काढत नाही. सोनोग्राफीत ते हमखास असतं. नावाच्या त्या पट्ट्या मी अजून एकेक करून हातानेच कापतेय.