वाळवणासाठी ओटीजी: शंभरपासून सुरू होणारा नॉब आणि नंतरची दुरुस्ती

वॉरंटी संपता संपता ओटीजीचा (विजेवरच्या छोट्या ओव्हनचा) थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, गेला, म्हणून आधी त्याच्याबद्दल. लिटर, वॅट, रॉड किती हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे पुन्हा सांगत नाही.

या ओव्हनची खरी खोड एकच. तापमानाचा नॉब १०० अंशांपासून सुरू होतो. केक-बिस्किटं करणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्याची मात्र पंचाईत होते, कारण वाळवणाला ६० ते ६५ अंश लागतात. शंभरवर फोडींची बाहेरची कड आधी कडक होते, आतला ओलावा आतच कोंडतो. वरून खडखडीत दिसणारा टोमॅटो बरणीत गेला की आठवड्याभरात बुरशी धरतो. थर्मोस्टॅट साठपासून द्यायला कंपनीला असा काय खर्च येणार होता?

सोलापुरात वाळवणाला ओव्हन कशाला, असं कुणीही विचारेल. एप्रिल-मेपुरतं ते बरोबरच आहे. पारा चाळिशीपार गेला की शेवग्याचा पाला, कढीपत्ता गच्चीवर सावलीत, सुती कापडाखाली फुकटात वाळतो. पण आपल्याकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरचा, आणि टोमॅटोचा ढीग लागतो तो नेमका त्याच सुमारास. आभाळ भरलेलं असताना कापलेला टोमॅटो उघड्यावर ठेवला तर वाळण्याआधी आंबतो.

ओव्हनमध्ये साठ अंश मिळत नाहीत तोवर भाजून प्युरी करणं हाच मार्ग, आणि त्यात हा ओव्हन चोख आहे. टोमॅटो अर्धे करून कापलेली बाजू वर ठेवायची. १५० अंश, सव्वा ते दीड तास. मागची बाजू जास्त तापते, म्हणून मध्यावर ट्रे फिरवायचा. वजन निम्म्यावर आलं की मिक्सरमधून काढून गाळायचं. तेल-लसूण घातलं असेल तर ती प्युरी फ्रीजरमध्येच ठेवायची. बाहेर टिकवायची तर दोन्ही वर्ज्य. अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव चमचा सायट्रिक ॲसिड, कारण टोमॅटोचा आंबटपणा सुरक्षिततेच्या अगदी काठावर असतो, त्याच्या भरवशावर राहू नये. वर अर्धा इंच जागा सोडून झाकण लावायचं आणि झाकणावर इंचभर पाणी राहील अशा उकळत्या पाण्यात बरणी ४० मिनिटं ठेवायची. समुद्रसपाटीला ३५ पुरतात. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, पाणी जरा कमी तापमानाला उकळतं, म्हणून पाच मिनिटं जादा. भरलेल्या बरण्या ओव्हनमध्येच तापवायची टूम मोबाइलवर फिरते, तिच्या नादी लागू नका. कोरडी हवा पाण्यासारखी उष्णता आत पोचवत नाही, आणि काच तडकते ती वेगळीच.

बेकिंगला तक्रार नाही, पण तापमान गाठल्यावर विझणारा दिवा पहिल्यांदा विझला की लगेच ट्रे सरकवू नका. नॉब १८० वर असला तरी आतलं तापमान वरखाली होत राहतं. दिवा दोनदा विझू द्यावा. आणि ‘लवकर तापत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी व्होल्टेज बघावं. २३० ऐवजी २०० आलं तर दीड हजार वॅटचा रॉड साधारण ११३० वॅटच देतो. त्यात ओव्हनचा काय दोष!

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची खारी बिस्किटं यात छान होतात. ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, कणीक १००, तूप १२५, साखर २५, शेवग्याच्या पाल्याची पूड दोन चमचे, जिरं, मीठ, मळायला लागेल तेवढं दही. १६० अंशांवर २० मिनिटं. ज्वारीला चिकटपणा नाही, गार होईपर्यंत हात लावला की मोडलंच.

आता बिघाड. दिवा विझेचना, तापमान चढतच गेलं. थर्मोस्टॅटचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटले की असंच होतं. लगेच प्लग काढावा. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: ‘अख्खं पॅनल बदलावं लागेल.’ वर येण्याजाण्याचे पैसे वेगळे. एका सुट्या भागासाठी पॅनल? गावातल्या मेकॅनिकने पाचशेच्या आत काम केलं, आणि बसवला तो ५० ते ३०० अंशांचा थर्मोस्टॅट. म्हणजे वरची शंभरची तक्रार मागे. कंपनीने जे दिलं नाही ते दुरुस्तीत मिळालं.

हा भाग घेताना चार गोष्टी बघा: १६ अँपियरचा असावा, नॉब बसतो तो दांडा जुन्यासारखाच एका बाजूने चपटा असावा, तापमान ओळखणारी तांब्याची बारीक नळी मूळ क्लिपपर्यंत पुरावी, आणि तिच्यावर स्लीव्ह (विजेपासून वाचवणारं आवरण) असावी, नळी टर्मिनलला (वायर जोडायच्या टोकाला) टेकता कामा नये. शेवटी अर्थिंग तपासून घ्या.

आता वाळवण असं: बिया काढलेल्या फोडी, पंखा चालू, ६५ अंश, वाफ जायला दारात लाकडी चमचा अडकवायचा, आठ ते दहा तास. चामड्यासारखी झालेली फोड दाबून पाणी सुटलं नाही तर झालं. किलोला ६० ते ८० ग्रॅम उरतात. गार करून बरणी दोन तृतीयांश भरायची, आठवडाभर रोज हलवायची. काचेला दव दिसलं तर परत ओव्हनमध्ये. दाराच्या फटीतून ऊब वाया जाते, त्यामुळे मेमध्ये हा उद्योग म्हणजे विजेचा निव्वळ चुराडा.

एक अडचण राहतेच. जुन्या नॉबवरचे आकडे नव्या थर्मोस्टॅटला जुळत नाहीत. जुळणारा नॉब सोबतच मागून घ्या. नसेल मिळत तर आत ओव्हन थर्मामीटर ठेवून ६५, १५०, १६० आणि १८० च्या खुणा नेलपेंटने करून टाका.